मुदत

जानेवारीत, पालिका निवडणुकीच्या प्रचारात, आमच्या ऐरोलीतल्या सोसायटीच्या गेटवर एका पक्षाचं पॅनल आलं होतं. यंदा नवी मुंबईत चार-चार जणांचे प्रभाग, त्यामुळे उमेदवारही चौघं. चौघांच्या गळ्यात एकाच रंगाची उपरणी, मागे ताशा, आणि सगळ्यांच्या पुढे मोबाइल उंच धरून उलटं चालणारा एक पोरगा. संक्रांत यायची होती, पण प्रचार तिच्या आदल्याच दिवशी संपणार म्हणून हळदीकुंकवाची घाई आधीच उरकली होती. माझ्याही घरी स्टीलचा एक डबा वाण म्हणून येऊन पडला होता. गेटवर ओवाळणं झालं, फोटो झाले, पाण्याचा प्रेशर, मोकाट कुत्री, पार्किंग हे नेहमीचे विषय झाले. मग आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका पुढे आले. पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेला माणूस, बोलतात कमी. त्यांनी एवढंच विचारलं, "टोल माफ केला म्हणून तुम्ही बोर्ड लावलेत. चांगलं केलंत. पण त्या कंत्राटदाराची भरपाई कोण देतंय?" पॅनलमधला सगळ्यात तरुण उमेदवार त्यांच्याकडे बघत राहिला. चिडला नाही, उडवूनही लावलं नाही. त्याला खरोखरच कोडं पडलं होतं. म्हणाला, "काका, तुमच्या गाडीला फ्री झालाय ना? मग?"

सगळे हसले. काकाही हसले. ताशा सुरू झाला आणि मंडळी पुढच्या विंगकडे गेली.

तो "मग?" मात्र माझ्या डोक्यातून जाईना. त्याला कारण माझी नोकरी. मुलुंडला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे मी अकाउंट्स बघते. सकाळी ऐरोलीच्या पुलावरून माझी गाडी नाक्यावर येते आणि न थांबता पलीकडे जाते. पूर्वी इथे पंचेचाळीस रुपये जायचे, त्याच्याआधी चाळीस. खिडकी खाली, सुट्टे पैसे, मागून हॉर्न, आणि खाडीचा तो चिखलाचा, ओहोटीचा वास गाडीत. आता काच वर ठेवूनच जाते. पलीकडच्या लेनमध्ये मालाच्या गाड्या उभ्या असतात. त्यांना माफी नाही. त्यातल्या काही आमच्या शेठच्याच असतात, आणि ऑफिसात पोचून कॉम्प्युटर सुरू केला की त्याच गाड्या फास्टॅगच्या स्टेटमेंटमध्ये मला पुन्हा भेटतात: तारीख, वेळ, नाका, गाडी नंबर, रक्कम. महिनाअखेरीला मी ती बेरीज 'टोल खर्च' या खात्यात टाकते आणि मग गिऱ्हाइकाच्या बिलात चढवते. तो गिऱ्हाईक ती पुढे त्याच्या गिऱ्हाइकाच्या बिलात चढवतो. एपीएमसीतून वाशीच्या नाक्यावरून मुंबईत जाणाऱ्या कांद्याच्या ट्रकचा टोल शेवटी कोणाच्या पिशवीत जाऊन बसतो, हे सांगायला अकाउंटंट कशाला हवा? माझ्या गाडीला फ्री झालाय, हे खरं. माझ्या कांद्याला झालेला नाही. आणि ज्या बाईकडे गाडीच नाही, जी ऐरोली स्टेशनवरून ठाणे लोकल पकडते, तिला माफी काहीच नाही, तिच्या वाट्याला नुसता कांदा.

माफीची तारीख पाहण्यासारखी आहे. १४ ऑक्टोबर २०२४ ला सकाळी मंत्रिमंडळाची बैठक झाली, मुंबईच्या पाचही नाक्यांवर, म्हणजे दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी, हलक्या वाहनांना टोलमाफी जाहीर झाली, आणि मध्यरात्रीपासून ती लागूसुद्धा झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी विधानसभेची आचारसंहिता लागली. सरकारी काम इतक्या झटपट होऊ शकतं, हे त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिलं. दोन दशकांहून जास्त काळ लोक या नाक्यांवर बोंबलत होते. मुंबईतल्या उड्डाणपुलांचा खर्च वसूल करायचा म्हणून हे नाके आले आणि खर्च वसूल झाला की नाही, हा प्रश्न विचारणाऱ्यांना दर वेळी नवा आकडा मिळत राहिला. २०१० मध्ये वसुलीचे हक्क सोळा वर्षांसाठी एका कंपनीला दिले गेले, त्या बदल्यात कंपनीने रस्ते विकास महामंडळाला २,१०० कोटी रुपये एकदम मोजले. एकदम पैसे घेतले की पुढची सोळा वर्षं तो नाका सरकारचा राहत नाही. त्यावर कोणी कितीही मोर्चे आणा, कितीही निवडणुका होऊ द्या. त्या सोळा वर्षांत राज्यात मुख्यमंत्री किती झाले ते मोजा, आणि करार किती झाले ते मोजा.

२६ जानेवारी २०१४ ला वाशीत, विष्णुदास भावे नाट्यगृहात, राज ठाकरे टोलवर बोलले आणि त्यानंतर वाशीचा नाका फुटला. मला ती रात्र आठवते, कारण आमच्या गाड्या पुण्याहून येत होत्या आणि शेठ दर दहा मिनिटांनी ड्रायव्हरला फोन करत होते. काचा फुटल्या, केबिन वाकल्या, गुन्हे दाखल झाले, तारखा पडत राहिल्या. नाका थोड्याच दिवसांत नव्या काचांसह पुन्हा सुरू झाला. त्याच वर्षी सायन-पनवेल रस्त्यावरच्या खारघरच्या टोलवरून पनवेलच्या आमदारांनी पक्षच सोडला, नव्या पक्षातून निवडून आले, नव्या पक्षाचं सरकारही आलं, आणि जानेवारी २०१५ मध्ये खारघरचा टोल सुरू झाला तो झालाच. पुढे जूनपासून छोट्या गाड्यांना त्यातून वगळलं. तेव्हाही बोर्ड लागले होते, तेव्हाही आभार मानले गेले होते, आणि तेव्हाही कंत्राटदाराच्या भरपाईचा विषय मागून, आवाज न करता आला होता. म्हणजे रीत जुनी आहे. सरकार कोणाचंही असो, आधी करार करायचा, मग लोक ओरडले की ओरडणाऱ्यांपैकी ज्यांचा आवाज मोठा आहे त्यांना बाजूला काढायचं, आणि त्यांच्या वाटचे पैसे तिजोरीतून किंवा मुदत वाढवून कंपनीला पोचते करायचे. मोटारवाल्याचा आवाज मोठा असतो. टेम्पोवाल्याचा नसतो.

मुंबईच्या नाक्यांचंही तेच झालं. माफीमुळे झालेल्या नुकसानीपोटी वसुलीची मुदत सप्टेंबर २०२९ पर्यंत वाढवायचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. त्याचे बोर्ड कोणी लावले नाहीत.

मी हे काकांना बोलून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, यात चिडण्यासारखं काय आहे, कंत्राट असंच असतं. त्यांची सगळी नोकरी टेंडरच्या फायलीत गेलेली. रविवारी सकाळी त्यांच्या गॅलरीत बसून त्यांनी मला समजावलं की करारात कंत्राटदाराच्या बाजूने काय काय लिहिलेलं असतं. सिमेंट-स्टीलचे भाव वाढले तर काय, जागा वेळेत ताब्यात दिली नाही तर काय, कायदा बदलला तर काय, सरकारने मधेच दर कमी केले तर काय, भांडण झालं तर लवाद कुठे बसणार आणि व्याज किती टक्के लागणार. "पानंच्या पानं असतात," ते म्हणाले, "आणि वाईट काही नाही त्यात. पैसे घालणारा माणूस लिहून घेणारच." मग जरा थांबून म्हणाले, "माझ्या टेबलावरून इतकी कंत्राटं गेली. रस्ता वापरणाऱ्याचं नुकसान झालं तर त्याला काय द्यायचं, हे कलम मी कधी टाइप करून घेतलं नाही. कोणी मागितलंच नाही." काकू आतून म्हणाल्या, चहा गार होतोय, आणि तो विषय तिथे संपला.

मला वाटतं, आपण या गोष्टीकडे चुकीच्या जागेवरून बघतो. नेता विकला गेला, खोकी मिळाली, पाकीट पोचलं, अशा भाषेत आपण बोलतो, आणि ती भाषा चवदार आहे म्हणून बोलत राहतो. पाकिटं पोचतही असतील. पण पाकिटाशिवायसुद्धा हे असंच चालेल, कारण कंपनीने लिहून घेतलेलं असतं आणि मतदाराने घेतलेलं नसतं. मंत्र्याने उद्या कंपनीला नाही म्हटलं तर कंपनी लवादात जाते, कोर्टात जाते, व्याजासकट वसूल करते. मतदाराला नाही म्हटलं तर मतदार काय करतो? पाच वर्षं थांबतो. आणि आमच्या नवी मुंबईत तर तेही राहिलं नाही. एप्रिल २०१५ मध्ये मत दिलं, मे २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, आणि पुढचं मत आम्ही १५ जानेवारी २०२६ ला दिलं. मधली साडेपाच वर्षं प्रशासक. ठाण्यातही मार्च २०२२ पासून तेच. या काळात टेंडरं निघाली, वर्क ऑर्डर गेल्या, विकास आराखडे पुढे सरकले. एकही कंत्राट या कारणाने अडलं नाही की लोकांनी निवडलेलं कोणी सभागृहात बसलेलं नाही. आपल्यावाचून काहीच अडत नाही हे कळल्यावर माणसाला जे वाटतं, ते मला त्या काळात अधूनमधून वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं. फ्लेक्स कमी झाले होते.

पाकिटाचा विषय निघालाच आहे तर निवडणूक रोख्यांबद्दल, म्हणजे बँकेतून विकत घेऊन नाव जाहीर न करता पक्षाला द्यायच्या देणगीच्या कागदांबद्दल, लिहायला हवं. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ती योजना घटनाबाह्य ठरवली आणि १४ मार्चला निवडणूक आयोगाने याद्या टाकल्या. त्या रात्री मी जेवण झाल्यावर त्या पीडीएफ उघडून बसले. इयर एंडिंगचे दिवस, डोळे आधीच आकड्यांनी चुरचुरत होते, तरी बसले. एका यादीत घेणारे, दुसऱ्या यादीत वटवणारे पक्ष, आणि दोन्हींना जोडणारा नंबर कुठेच नाही. आमच्या ऑफिसात कोणी असं स्टेटमेंट आणून दिलं असतं तर मी त्याला परत पाठवलं असतं. तो नंबर पुढच्या आठवड्यात, कोर्टाने पुन्हा बजावल्यावर आला. स्क्रोल करताना नजरेत भरत होता तो रकमांचा गोलपणा. एक कोटी, एक कोटी, एक कोटी, एकाखाली एक, एकाच तारखेचे. खऱ्या धंद्यातले आकडे असे नसतात. त्यांना शेपूट असतं, पैसे असतात, राउंड ऑफ असतो. इतके गुळगुळीत आकडे मी फक्त देणग्यांत पाहिलेत. आणखी एक गोष्ट माझ्यासारखीला जास्त खटकते, ती बातम्यांत मागे पडली. पूर्वी कंपनीला राजकीय देणगी द्यायची तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती. २०१७ मध्ये ती मर्यादाच काढून टाकली. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा हवी तेवढी देणगी देऊ शकत होती. तोट्यातल्या कंपनीकडे असे कोणते पैसे असतात जे ती पक्षाला देते, हा प्रश्न ऑडिटरला पडायला हवा. कोर्टाने तो बदलही रद्द केला.

त्या यादीत दुसऱ्या क्रमांकाची खरेदीदार होती हैदराबादची मेघा इंजिनीअरिंग, ९६६ कोटी. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम २०२३ मध्ये याच कंपनीला मिळालेलं आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जाणारा, जवळपास पावणेबारा किलोमीटरचा मार्ग. यावरून काय सिद्ध होतं? कोर्टात टिकेल असं काहीच नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. कंपनीने रोखे घेतले तेव्हा ते कायदेशीर होते, काम टेंडरने मिळालं. माझी माहेरची माणसं मानपाड्याला राहतात, त्यांना हा बोगदा हवाच आहे. घोडबंदरवरून बोरिवलीला एक लग्न गाठायचं तर अर्धा दिवस जातो, मुहूर्त तर हमखास चुकतो. माझा भाऊ म्हणतो, बोगदा होऊ दे, कोणीही खणू दे. मी त्याला नाही म्हणू शकत नाही. पण त्याच्यासारख्या लाखो लोकांच्या या 'होऊ दे'वर सगळा कारभार चालतो, हेही दिसतं. गरज इतकी ताणायची, इतकी ताणायची, की शेवटी माणूस किंमत विचारायचं सोडून देतो.

पुढची गोष्ट त्याच घोडबंदरची. घोडबंदर ते भाईंदर बोगदा आणि उन्नत मार्ग, दोन्ही मिळून चौदा हजार कोटींच्या आसपासचं काम. निविदेत मेघाची बोली सर्वांत कमी म्हणून पुढे आली, आणि एल अँड टीला तांत्रिक कारणावरून बाद केलं गेलं. एल अँड टी कोर्टात गेली. हायकोर्टात काही हाती लागलं नाही, तेव्हा सुप्रीम कोर्टात. आमची बोली उघडलीच नाही, ती तीन हजार कोटींहून जास्त स्वस्त होती, असं तिचं म्हणणं. कोर्टाने प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मे २०२५ च्या अखेरीस एमएमआरडीएने, म्हणजे निविदा काढणाऱ्या प्राधिकरणाने, सांगून टाकलं की आम्ही निविदाच रद्द करतो. बातमी वाचून भाऊ खूश झाला, आपले पैसे वाचले म्हणाला. मला मात्र हसावं की काय ते कळेना. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राहणारी एवढी मोठी वस्ती, रोज रात्री गायमुखच्या घाटात अडकणारे लोक, तिथून निवडून गेलेले सगळ्या पातळ्यांवरचे लोकप्रतिनिधी. यातल्या कोणी तो प्रश्न विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. विचारला तो काम न मिळालेल्या दुसऱ्या कंपनीने, स्वतःच्या धंद्यासाठी. आपले पैसे वाचले ते दोन बड्यांच्या भांडणात, आपण त्या भांडणात कुठेही नसताना. एल अँड टीला फार राग आला नसता, तर?

लोकप्रतिनिधी असा प्रश्न विचारतच नाही असं नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मूळच्या उरणकडच्या. मतमोजणी १६ जानेवारीला होती, आणि मावशींनी त्या दिवशीची सुट्टी कधीच सांगून ठेवली होती. मला वाटलं निकालासाठी. त्या म्हणाल्या, "जासईला जायचंय." मग लक्षात आलं. १९८४ साली याच दोन दिवसांत, १६ आणि १७ जानेवारीला, जासई परिसरात, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांचा गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. पुढे दि. बा. पाटलांनी जी लढाई लावून धरली तिच्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत द्यायचं तत्त्व आलं. दि. बा. आमदार होते, खासदार झाले, विरोधी पक्षनेतेही होते. तरी त्यांना ओळखणारे लोक आजही पहिल्यांदा सांगतात ते मोर्च्यात त्यांनी खाल्लेल्या काठ्यांबद्दल. मावशींचे सासरे त्या गर्दीत होते. मावशी त्याबद्दल मोठं काही बोलत नाहीत. साडेबारा टक्क्यांतला प्लॉट दिरांमध्ये वाटला गेला, मग एका बिल्डरला गेला, त्याचे पैसे दोन लग्नांत आणि एका स्कॉर्पिओत गेले, आणि मावशी आमच्याकडे भांडी घासतात, असा तो हिशेब. त्यांना मी विचारलं, मत कोणाला दिलं. त्यांनी सांगितलं नाही. म्हणाल्या, "दि. बा. गेले त्याला किती वर्षं झाली ताई, आता कोणाला का देईना." बारा वर्षं उलटून गेलीत. नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचं नाव द्यावं म्हणून भांडणं चालली आहेत, आणि त्यांच्या नावाचा आग्रह सगळेच पक्ष धरतात. त्या विमानतळाचे ७४ टक्के अदानी समूहाकडे आणि २६ टक्के सिडकोकडे आहेत. नाव कोणाचं द्यायचं यावर मोर्चे निघाले, मानवी साखळ्या झाल्या. ७४ आणि २६ वर मला एकही बोर्ड दिसलेला नाही.

ते पॅनल निवडून आलं की नाही हे सांगत बसत नाही. त्याने काही बदलत नाही. परवा तो तरुण उमेदवार मात्र मला नाक्यापाशी पेट्रोल पंपावर भेटला. ओळख दिली, काकांची चौकशी केली. मुलगा वाईट नाही. दहीहंडीला उभा असतो, कोविडमध्ये त्याने ऑक्सिजनचे सिलेंडर खांद्यावरून वाहिलेले मी पाहिलेत. मी म्हटलं, काकांचा प्रश्न अजून तसाच आहे. तो हसला, म्हणाला, "ताई, ते सगळं वरती ठरतं हो. आपल्याकडे गटार आणि लाइट. त्यात काही असेल तर रात्री बारालाही फोन करा." आणि मला माहितीये, बाराला फोन केला तर तो येईल. मतदाराला रात्री बाराला मिळणारा माणूस आणि कंपनीला सकाळी अकराला मंत्रालयात मिळणारा माणूस, हे दोघं वेगळे ठेवले गेलेत. आपण पहिल्यावर खूश राहायचं आणि दुसऱ्याला त्याच्या शिफारशीवरून मत द्यायचं.

सध्या ऑफिसात एका मोठ्या गिऱ्हाइकाचं रेट कॉन्ट्रॅक्ट बनवायचं काम चालू आहे. पुढच्या काही वर्षांचे दर आत्ताच बांधून द्यायचेत, २०३० पर्यंत. डिझेल, टायर, ड्रायव्हरचा पगार, विमा, एकेक ओळ मी भरत गेले आणि टोलपाशी थांबले. शेठ म्हणाले, सप्टेंबर २०२९ ला मुदत संपते ना, मग त्यानंतर टोल धरू नकोस, रेट तेवढाच खाली येईल. मी पंचांग काढून बघावं तसं कॅलेंडर पुढे सरकवलं. विधानसभेची पुढची निवडणूक २०२९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास येते. म्हणजे मुदत संपायची वेळ आणि आचारसंहितेची वेळ पुन्हा एकदा शेजारीशेजारी. सरसकट टोलमुक्तीचा बोर्ड तेव्हा नक्की लागेल, त्यावर कोणाचा फोटो असेल एवढाच प्रश्न. "टोल धरलाय," मी शेठना सांगितलं, "पूर्ण मुदतीचा." ते म्हणाले, गिऱ्हाईक घासाघीस करेल. करू दे म्हटलं. खाली एक ओळही घातली आहे, की सरकारने मधेच काही बदल केला तर त्याचा फरक आम्ही वेगळा लावू.